मोठा तागा, लहान पेटी

सोलापुरातील एका जुन्या वाड्यात, तळमजल्यावर देवघराला लागून एक खोली आहे. खोलीत लाकडी पलंग, शास्त्रवाचनाची घडवंची, भिंतीत बसविलेले एक कपाट आणि कोपऱ्यात जाड काचेचा, पाठीमागे फुगीर असलेला जुना टीव्ही. टीव्हीखाली एक चपटा डीव्हीडी प्लेअर. ही खोली घरातील आजींची. वय ८१. गुडघे जिना चढू देत नाहीत. म्हणून दोन मजल्यांवर पसरलेल्या त्या मोठ्या संसारातील त्यांचा वाटा आता या चार भिंतींपुरता उरला आहे. तो त्यांनी आपणहून उरविला आहे, असे म्हणणे अधिक योग्य होईल. कित्येक वर्षांपूर्वी त्यांनी परिग्रह-परिमाणाचे व्रत घेतले, तेव्हा एका वहीत आपल्या मालकीच्या वस्तूंची यादी लिहून काढली होती. साड्या इतक्या, भांडी इतकी, दागिने इतके. त्याच यादीच्या शेवटी दोन ओळी आहेत : टीव्ही एक, डीव्हीडी प्लेअर एक.

हा प्लेअर आजोबांनी आणला होता. २००६ साली श्रवणबेळगोळ येथे भगवान बाहुबलींचा महामस्तकाभिषेक झाला, त्या वेळी घरात लग्न निघाल्यामुळे दोघांनाही जाता आले नाही. पुढे एका नातेवाइकांनी त्या सोहळ्याची तबकडी आणून दिली आणि ती पाहण्यासाठी हे यंत्र घरात आले. तबकडी संपली तेव्हा आजोबा म्हणाले होते, "पुढच्या बारा वर्षांनी आपण स्वतः जाऊ." त्या वेळी त्यांचे वय पाहता घरातील मंडळी मनातल्या मनात हसली होती. परंतु फेब्रुवारी २०१८ मध्ये ते खरोखर गेले. आजींना डोलीत बसवून आणि स्वतः अनवाणी, विंध्यगिरीच्या खडकात कोरलेल्या सहाशेहून अधिक पायऱ्या चढून गेले. पुतण्याच्या हातात कॅमेरा होता, नातवाच्या हातात मोबाइल. दोघांनी मिळून त्या यात्रेचे सुमारे तीन तास दहा मिनिटांचे चित्रण केले.

दोन वर्षांनी आजोबा गेले. चित्रण मात्र एका हार्ड डिस्कमध्ये पडून राहिले. थोरल्या चिरंजिवांनी आणि नातवंडांनी त्यातील तुकडे मोबाइलवर पाहिले असतील. आजींनी ते कधीच सलग पाहिले नाही. मोबाइलच्या हाताएवढ्या पडद्यावर त्यांना माणसे ओळखू येत नाहीत, आणि गर्दीच्या कोलाहलात कोण काय बोलते ते ऐकू येत नाही.

गेल्या वर्षी वैशाखात आजींनी घरात एक गोष्ट सांगितली. गावात आलेल्या आर्यिका माताजींच्या सान्निध्यात त्यांनी नियम घेण्याचे ठरविले होते : आषाढ शुद्ध चतुर्दशीपासून, म्हणजे चातुर्मास स्थापनेच्या दिवसापासून, टीव्हीचा आजन्म त्याग. घरच्यांना त्यात नवल वाटले नाही. नवल वाटले ते पुढच्या वाक्याचे. "त्याआधी एकदा बेळगोळची यात्रा नीट पाहायची आहे. माझ्या खोलीत, माझ्या टीव्हीवर. ह्यांचा आवाज ऐकायचा आहे."

थोरले चिरंजीव चाटी गल्लीत कापडाचे दुकान चालवितात. व्यापारी माणसाला प्रत्येक अडचणीवर पहिला उपाय सुचतो तो खरेदीचा. "आई, तुला नवा मोठा टीव्ही आणतो. पेन ड्राइव्ह लावला की झालं." आजींनी वहीकडे बोट दाखविले. यादीत टीव्ही एकच होता. मग वरच्या मजल्यावरचा टीव्ही चार दिवस खाली आणण्याची सूचना झाली. त्यालाही त्यांनी नकार दिला, आणि त्याचे कारण व्रताचे नव्हते. "तुमच्या त्या टीव्हीला दोन रिमोट आणि पन्नास बटणं. मला दरवेळी कुणालातरी हाक मारावी लागेल. दुपारी सगळी झोपलेली असतात. मला वाटेल तेव्हा लावता आलं पाहिजे, वाटेल तिथे थांबवता आलं पाहिजे. या प्लेअरची खाच उघडायची, तबकडी ठेवायची, एक बटण दाबायचं. एवढं मला येतं."

वार्धक्यात माणसाला दुसऱ्याची मदत नको असते असे नाही; परंतु आपल्या सर्वांत खाजगी गोष्टींसाठी ती मागावी लागू नये, एवढी इच्छा मात्र असते. चिरंजिवांच्या ते लक्षात आले. हार्ड डिस्क खिशात घालून ते शहरातील एका दुकानात गेले आणि "याची डीव्हीडी करून द्या" म्हणाले.

काम वाटले तितके सोपे नव्हते. चित्रणाच्या सर्व फाइली मिळून ४६ जीबी भरत होत्या आणि कोऱ्या डीव्हीडीवर मावतात ४.७ जीबी. दुकानदाराने दोन-तीन लहान फाइली जशाच्या तशा तबकडीवर उतरवून दिल्या. घरी प्लेअरने ती तबकडी आत घेतली, थोडा वेळ घरघर केली आणि पडद्यावर ती वाचता येत नसल्याचा संदेश दाखविला. शेजाऱ्यांच्या प्लेअरला पेन ड्राइव्हची खाच होती, म्हणून तोही प्रयोग झाला. तेथे ३२ जीबीच्या रिकाम्या पेन ड्राइव्हवर सहा जीबीची फाइल चढेना. संगणक म्हणे, फाइल फार मोठी आहे. लहान फाइली चढल्या, पण प्लेअरला त्यांची नावे दिसत होती, चित्र दिसत नव्हते. व्यवहारात अशा वेळी माणूस वस्तूला दोष देतो. प्लेअर जुना झाला, फेकून द्या, असा सल्ला दोघा-तिघांनी दिला.

पुण्यात सीएची आर्टिकलशिप करणारी नात चार दिवसांच्या सुटीवर घरी आली, तेव्हा तिने या सर्व अपयशांची कारणे एकेक करून उलगडली. पेन ड्राइव्हवर मोठी फाइल चढली नाही, कारण बहुतेक पेन ड्राइव्ह फॅट-३२ नावाच्या जुन्या पद्धतीने आखलेले असतात. त्या पद्धतीत एका फाइलचा आकार चार जीबीच्या पुढे जाऊ शकत नाही, मग जागा कितीही रिकामी असो. तबकडी चालली नाही त्याचे कारण वेगळे. मोबाइल आणि नवे कॅमेरे चित्रण साठविताना एच-२६४ किंवा त्याहून नवी लेखनपद्धती वापरतात. डीव्हीडी प्लेअर हा संगणक नव्हे. त्याच्या पोटात मुख्यतः एम्पेग-२ ही जुनी पद्धत वाचणारी चकती बसविलेली असते. काही प्लेअरवर डिव्हएक्सचे चिन्ह असते, ते आणखी एक पद्धत वाचतात. आजींच्या प्लेअरवर ते चिन्ह नव्हते. याशिवाय चित्राचे मापही ठरलेले. आपल्याकडील पाल पद्धतीत रुंदी ७२० ठिपके, उंची ५७६, आणि सेकंदाला २५ चित्रे. मोबाइलचे चित्रण ३८४० बाय २१६० ठिपक्यांचे होते. म्हणजे प्लेअर बिघडलेला नव्हता. त्याला न येणाऱ्या भाषेत कोणी तरी त्याच्याशी बोलत होते.

आजी हे ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "मूडबिद्रीच्या पोथ्यांसारखं झालं की हे."

सोलापूरच्या जैन घरांतून ती हकिकत अजून सांगितली जाते. षट्खंडागम आणि त्यावरील धवला टीका यांच्या ताडपत्री प्रती दक्षिण कन्नडमधील मूडबिद्रीच्या भांडारात शतकानुशतके सुरक्षित होत्या. भाषा प्राकृत आणि संस्कृत, पण लिपी जुनी कन्नड. यात्रेकरू दुरून दर्शन घेत आणि परत येत. वाचू शकणारे अगदी मोजके. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईचे शेठ माणिकचंद आणि सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद यांनी त्या प्रतींची नक्कल करवून घेण्याचा ध्यास घेतला. विद्वान बसले, आणि वर्षानुवर्षे पानामागून पान नागरी लिपीत उतरू लागले. पुढे १९३९ मध्ये डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली अमरावतीहून धवलेचा पहिला खंड छापून निघाला. एका अर्थाने ग्रंथ तोच राहिला. वाचणाऱ्याला ओळखीची अक्षरे मिळाली इतकेच.

"पोथी तीच, अक्षर बदललं," आजी म्हणाल्या. "तुझा संगणकही तेवढंच करणार ना?"

नातीने होकार दिला असता तर गोष्ट गोड झाली असती. परंतु हिशेब तपासण्याचे शिक्षण घेणाऱ्या मुलीने खरे तेच सांगितले. "नाही आजी. नक्कल करणारे एकही अक्षर गाळत नव्हते. संगणकाला गाळावंच लागतं. नाहीतर मावणार कसं?"

काय गाळले जाते, हे समजून घेण्याजोगे आहे. एम्पेग-२ पद्धतीत प्रत्येक चित्र पूर्ण लिहिले जात नाही. साधारण अर्ध्या सेकंदाला एक चित्र संपूर्ण लिहायचे आणि मधल्या चित्रांसाठी केवळ काय बदलले तेवढेच नोंदवायचे. रोजच्या उलाढालीची नोंद ठेवावी आणि शिल्लक मधूनमधून पूर्ण मांडावी, तसे. डोंगर, आकाश, स्थिर उभी मूर्ती यांच्यात काही बदलत नाही, म्हणून त्यांना जागा थोडी लागते. वाहते दूध, उडणारी फुले, हलणारी गर्दी यांच्यात प्रत्येक क्षणी सर्व काही बदलते, म्हणून त्यांना पुष्कळ लागते. जागा कमी पडली की संगणक बारकावे सोडून देतो आणि चित्रात चौकोन दिसू लागतात. त्यातही एक उलटा न्याय आहे. जुनी एम्पेग-२ पद्धत नव्या पद्धतीइतकी काटकसरी नाही. तोच दर्जा राखायला तिला जवळजवळ दुप्पट जागा लागते.

नातीने कागदावर आकडे मांडले. तबकडीची क्षमता ४.७ जीबी, म्हणजे सुमारे ३७६० कोटी बिट. संगणक तीच तबकडी ४.३८ जीबीची दाखवितो. कारण तबकडी करणारे हजाराने मोजतात आणि संगणक १०२४ ने. चिरंजिवांना हे सांगावे लागले नाही. एकाच्या मापातील पन्नास दुसऱ्याच्या मापात पन्नास भरत नाहीत, हे कापडबाजारात रोजचेच. तीन तास दहा मिनिटे म्हणजे ११,४०० सेकंद. भागाकार केला तर प्रत्येक सेकंदाच्या वाट्याला सुमारे ३३ लाख बिट येतात, तेही आवाजासह. डीव्हीडीचा नियम चित्रासाठी सेकंदाला ९८ लाखांपर्यंत मुभा देतो. तासाभराचे चित्रण असते तर जवळजवळ ती पूर्ण मुभा वापरता आली असती. तीन तासांना तिचा एक-तृतीयांश.

तरीही पहिला प्रयत्न संपूर्ण चित्रणाचाच झाला, कारण कोणालाच काही गाळावेसे वाटत नव्हते. रात्रभर संगणक चालू राहिला. सकाळी तबकडी तयार झाली, प्लेअरने ती मुकाट्याने स्वीकारली आणि पडद्यावर बाहुबली उभे राहिले. सुमारे ५७ फुटांची ती अखंड पाषाणमूर्ती छान दिसत होती. पण मस्तकावरून दुधाची धार सुटली आणि चित्र विस्कटले. हळदीच्या पिवळ्या लोटाच्या जागी पडद्यावर पिवळे चौकोन नाचू लागले. माणसांचे चेहरे पुसट झाले. जो क्षण पाहण्यासाठी बारा वर्षे वाट पाहिली, तोच नेमका वाचेनासा झाला. शिवाय सारी माणसे उंच आणि काटकुळी दिसत होती. आजी म्हणाल्या, "हे इतके वाळलेले नव्हते."

हा दुसरा दोष सहज दूर झाला. चित्रण रुंद पडद्याचे, टीव्ही जुन्या चौकोनी आकाराचा. प्लेअरच्या मांडणीत टीव्हीचा आकार योग्य निवडल्यावर वर-खाली काळ्या पट्ट्या आल्या आणि आजोबा आपल्या मूळ देहयष्टीत परतले. पहिल्या दोषावर मात्र यांत्रिक उपाय नव्हता. तागा मोठा आणि पेटी लहान असेल, तर दोनच मार्ग उरतात : सगळे कोंबून चुरगाळायचे, किंवा हवे तेवढे कापून घेऊन नीट घडी घालायची. दोन-तीन तबकड्या कराव्यात, ही सूचनाही आली. आजींना ती पसंत नव्हती. तबकडी बदलताना हात थरथरतो, मागचे-पुढचे उलटसुलट होते. एकच हवी. "माप ठरलं म्हणून अडचण झाली असं का म्हणता? माप ठरलं म्हणजे काय ठेवायचं ते ठरवायला लागतं, एवढंच."

त्या संध्याकाळी दिवेलागणीपूर्वीचे जेवण आटोपून सर्वजण त्या खोलीत जमले. लॅपटॉपवर चित्रण पुढे सरकत होते आणि काय ठेवायचे, काय काढायचे याचा निवाडा आजी करीत होत्या. घरच्यांनी मनाशी एक यादी केली होती. मंचावरील मान्यवरांची भाषणे ठेवावीत, भव्य मंडप ठेवावा, सोहळ्याचे वैभव दिसावे. आजींनी भाषणे काढायला सांगितली. मंडपाचे दोन क्षण पुरे, म्हणाल्या. बाजारातील खरेदी, धर्मशाळेतील नाश्ता, बसमधील अंताक्षरी हेही गेले. अभिषेकाचे द्रव्य मात्र एकही गाळू दिले नाही. जल, नारळाचे पाणी, उसाचा रस, दूध, तांदळाचे पीठ, हळद, कषाय, चंदन, आणि शेवटी पुष्पवृष्टी, सर्व क्रमाने.

मग पायऱ्यांवरचा एक तुकडा आला. डोलीवाल्यांनी विसाव्यासाठी डोली खाली टेकविली आहे. आजोबा शेजारच्या पायरीवर बसले आहेत. त्यांना दम लागला आहे. कॅमेरा बहुधा पुतण्याने गुडघ्यावर ठेवला असावा. चित्र हलत नाही. चार मिनिटे काहीही घडत नाही. आजोबा उपरण्याच्या टोकाने आजींचा चष्मा पुसतात, उजेडाकडे धरून पाहतात, पुन्हा पुसतात, आणि त्यांच्या हातात देतात. चिरंजीव म्हणाले, "आई, एवढी चार मिनिटं वाचली तर अभिषेकाला मिळतील." कोणी काही बोलण्यापूर्वीच आजींनी मान हलविली. "ते राहू दे."

नातीने तेव्हा सांगितले, की त्या चार मिनिटांना फारशी जागा लागणारच नाही. त्यांत काही बदलत नाही. संगणकाच्या दृष्टीने ती अगदी स्वस्त आहेत. दोन फेऱ्यांत रूपांतर केले तर पहिल्या फेरीत संगणक संपूर्ण चित्रण वाचून कोठे किती खर्च येईल याचा अंदाज घेतो आणि दुसऱ्या फेरीत त्याप्रमाणे वाटप करतो. शांत बसलेल्या माणसांकडून जे वाचेल ते दुधाच्या धारेला मिळेल. चिरंजिवांनी त्यावर काही म्हटले नाही. आयुष्यभर त्यांनी आईवडिलांना असेच, फारसे काही न मागता शेजारी शेजारी बसलेले पाहिले होते.

निवड पूर्ण झाली तेव्हा शंभर मिनिटे उरली. ६,००० सेकंद; प्रत्येकाला सुमारे ६२ लाख बिट. आवाजासाठी आणि थोड्या राखीव जागेसाठी बाजूला काढून चित्रासाठी सरासरी ५८ लाख. पहिल्या प्रयत्नापेक्षा हा वाटा पावणेदोन पटींहून अधिक होता.

एक अडचण राहिली होती. मूर्तीच्या पायांजवळ दोन्ही बाजूंच्या दगडांवर लेख आहेत. ही मूर्ती चावुंडरायाने करविली, ही गोष्ट तेथे कन्नडमध्ये आहे, तमिळमध्ये आहे आणि नागरी अक्षरांत मराठीतही आहे. आजोबांनी दुरूनच आजींना ती मराठी ओळ दाखविली होती आणि मोबाइल धरलेल्या नातवाने तो प्रसंग टिपला होता. चित्रात बोट दिसते, दगड दिसतो. अक्षरे मात्र डीव्हीडीच्या लहान मापात आल्यावर नाहीशी झाली. एवढ्यासाठी बोट कशाकडे आहे हेच कळेनासे झाले.

येथे मूळ फाइलचा अवाढव्यपणा उपयोगी पडला. मूळ चित्र डीव्हीडीच्या पाचपट रुंद होते. नातीने त्या प्रसंगातील संपूर्ण चौकट न घेता केवळ लेखाभोवतीचा भाग कापून घेतला. तो कापलेला तुकडाही डीव्हीडीच्या मापाहून मोठाच होता. त्यामुळे लहान करूनही अक्षरांच्या रेघा शाबूत राहिल्या. आधीच लहान केलेल्या फाइलवरून हे साधले नसते. चाळीस जीबी उगाच अडवून बसल्या आहेत, आता मूळ फाइली काढून टाकाव्यात, असे चिरंजीव आदल्याच दिवशी म्हणाले होते. ते त्यांनी पुन्हा म्हटले नाही. मूळ चित्रण आता दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर आहे. एक सोलापुरात, एक पुण्यात.

बाकीची कामे बारीकसारीक, पण विसरली तर सगळे वाया जाईल अशी. आजोबांचा आवाज वाऱ्यात दबला होता. तो वाढविला, आणि भोवतालच्या ध्वनिक्षेपकांचा गोंगाट उतरविला. आवाजाचा नमुनादर डीव्हीडीच्या नियमाप्रमाणे ४८ किलोहर्ट्झ ठेवला. जुने टीव्ही चित्राच्या चारही कडा थोड्या कापून दाखवितात, म्हणून स्थळांची नावे तळाशी न लिहिता बरीच आत घेतली. सुरुवातीला निवडसूची ठेवली नाही. तबकडी घातली की चित्रण आपोआप सुरू व्हावे. नऊ ठिकाणी प्रकरणांच्या खुणा केल्या, म्हणजे रिमोटचे एक बटण दाबून पुढच्या टप्प्यावर जाता येईल. हे सर्व डीव्हीडीस्टायलर या मोफत आज्ञावलीत होते. तबकडीवर लिहिताना वेग मुद्दाम कमी ठेवला, शेवटी ती पूर्ण बंद केली, कारण बंद न केलेली तबकडी घरच्या प्लेअरवर बहुधा चालत नाही, आणि लिहिलेले मुळाशी ताडून पाहिले. वर कागद चिकटविला नाही; मऊ टोकाच्या पेनने नाव लिहिले. ऊन आणि ओरखडे हे तबकडीचे वैरी आहेत, हे ध्यानात घेऊन ती उभी ठेवण्याची पेटी आणली. प्लेअरच्या रिमोटवर सुरू करण्याच्या बटणावर नातीने एक लाल टिकली चिकटविली आणि थांबविण्याच्या बटणावर हिरवी.

आषाढ शुद्ध त्रयोदशीला दुपारी बार्शीहून आजींच्या नणंद आल्या. शेजारच्या दोन वृद्ध श्राविका आल्या. चिरंजीव दुकान लवकर बंद करून घरी आले होते, पण आजींनी त्यांना आत येऊ दिले नाही. "आम्ही आमचं बघतो." दार लोटले गेले. बाहेर बसलेल्यांना खाच उघडल्याचा आवाज आला, मग क्षणभर शांतता, मग विंध्यगिरीवरचा वारा आणि वाद्ये.

आत काय झाले ते नणंदबाईंनी नंतर सांगितले. अभिषेकाच्या वेळी चौघींनी हात जोडले होते. दुधाची धार मस्तकावरून खांद्यावर, खांद्यावरून वेलींनी वेढलेल्या बाहूंवर, शेवटपर्यंत धारच राहिली. तिचे चौकोन झाले नाहीत. शिलालेखापाशी आजींनी हिरवी टिकली दाबली आणि अक्षरांवर बोट ठेवून पाहिले. पुन्हा लाल टिकली दाबल्यावर आजोबांचा आवाज स्पष्ट आला : "बघ, इतक्या लांबही आपली भाषा आपल्या आधी येऊन बसली आहे." पायऱ्यांवरच्या चार मिनिटांत कोणीच काही बोलले नाही. तो तुकडा संपल्यावर आजींनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि पुन्हा लावला.

त्या दिवशी त्यांनी ती तबकडी दोनदा पाहिली. दुसऱ्यांदा एकट्यानेच, रात्री नव्हे, सूर्यास्तापूर्वी.

चतुर्दशीला पहाटे अभिषेक-पूजनानंतर त्यांनी नियम घेतला. दुपारी चिरंजिवांना बोलावून सांगितले, की टीव्ही दुकानातल्या नोकराच्या घरी द्यावा. त्याच्या आईलाही असाच टीव्ही हवा होता. प्लेअर आणि तबकडी नणंदबाईंनी बार्शीला न्यावी. चिरंजिवांच्या मनात आले, की इतक्या खटपटीने केलेली तबकडी एक दिवसच वापरली. त्यांनी ते बोलून दाखविले नाही. पण आईने ओळखले असावे. "पाहायचं होतं ते पाहिलं. ऐकायचं होतं ते ऐकलं. आता ते आत आहे. बाहेर ठेवून काय करू?"

मग त्यांनी कपाटातून वही काढली, यादीचे शेवटचे पान उघडले, आणि पेन्सिलीने शेवटच्या दोन ओळींवर हलकेच एकेक रेघ ओढली.